ऊन आणि हुकूम

झाशी पडून महिना लोटला होता. काल्पीच्या रोखाने कूच करणारी सर ह्यू रोझ याची फौज ७ मे १८५८ रोजी बुंदेलखंडातील कुंच या गावापाशी पोहोचली आणि तेथे तात्या टोपे यांच्या सैन्याशी तिची गाठ पडली. लढाईचा निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला, हे इतिहासाचे कोणतेही पुस्तक सांगेल. परंतु त्या दिवशी सावलीत पारा ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे आजच्या मापाने ४३ अंश सेल्सिअसच्या वर, टेकला होता आणि ७१ व्या हायलँडर पलटणीचे शिपाई अंगावर एकही जखम नसताना रांगेतल्या रांगेत कोसळून मेले, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाही. खुद्द सेनापतीला तीन वेळा घोड्यावरून उतरणे भाग पडले. तिन्ही वेळा डॉक्टराने त्याच्या अंगावर गार पाणी ओतले, हुशारी आणणारी औषधे पाजली आणि तिन्ही वेळा तो पुन्हा खोगिरावर बसला. हे गार पाणी वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, १२ जुलै १८५७ रोजी, फत्तेपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती हॅवलॉकची लढाई झाली तेव्हाही असेच घडले होते. तोफांच्या आणि लांब पल्ल्याच्या बंदुकांच्या जोरावर हॅवलॉकने ती लढाई जवळजवळ रक्त न सांडता जिंकली, पण त्याचे बारा गोरे शिपाई उन्हाने खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत. आपल्या बाजूच्या सेनानींना हे दिसत नव्हते असे नाही. काल्पीच्या लढाईवरील रोझच्या अहवालात बंडवाल्यांच्या एका हस्तगत हुकमाचा उल्लेख आहे, आणि त्याचा मतलब असा की, गोरे शिपाई उन्हात लढले म्हणजे मरतात किंवा इस्पितळात जातात, सबब सकाळचे दहा वाजण्यापूर्वी त्यांच्यावर हल्ला करू नये. युद्धशास्त्राच्या ग्रंथांत या हुकमाला फार मोठे स्थान मिळालेले नाही. परंतु सूर्य हे शस्त्र आहे आणि त्याची धार दिवसाच्या कोणत्या प्रहरी सर्वांत तीक्ष्ण असते, हे ज्याने तो हुकूम लिहिला त्याला पुरते उमगले होते, याबद्दल शंका नको.

मराठीत आपण ‘ऊन लागले’ असे म्हणतो. दगड लागावा, ठेच लागावी, तसे ऊन बाहेरून येऊन लागते, अशी त्या शब्दप्रयोगामागची कल्पना आहे, आणि वैशाखात दुपारी बाजाराला गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ती बव्हंशी खरीही आहे. पण सैनिकाच्या बाबतीत ती अपुरी पडते. धडधाकट, विशीतल्या, निवडून घेतलेल्या तरुणाला जो उष्माघात होतो, त्यात बाहेरच्या उन्हाचा वाटा निम्माच समजावा. उरलेली उष्णता त्याच्या स्वतःच्या स्नायूंतून निघते. वैद्यकशास्त्र या दोन प्रकारांत भेद करते आणि दुसऱ्याला श्रमजन्य उष्माघात म्हणते. पहिल्याची शिकार दुर्बळ होतात, दुसऱ्याची बहुधा सबळ. हा भेद कळायला लष्करांना फार काळ लागला, आणि तो न कळल्यामुळे किती जीव गेले याची नोंद कोणत्याच दप्तरात पूर्णपणे सापडणार नाही, कारण जुन्या काळी अशा मृत्यूंपुढे ‘ताप’, ‘झटका’ किंवा ‘हृदय बंद पडले’ एवढेच लिहून कारकून मोकळे होत.

प्रथम शरीराचा हिशेब मांडू. स्नायू हे यंत्र मोठे उधळे आहे; अन्नातून मिळालेल्या शक्तीपैकी जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा प्रत्यक्ष कामी लागतो, आणि बाकी सारी उष्णतेच्या रूपाने अंगातच सुटते. पाठीवर पिट्टू, हातात रायफल, पायांत जड बूट अशा अवस्थेत भराभर चालणारा ७० किलोचा जवान तासाला सुमारे ५०० किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. ही उष्णता बाहेर पडण्याचे सर्व मार्ग बंद झाले अशी कल्पना केली, तर त्याच्या शरीराचे तापमान दर सात-आठ मिनिटांना एक अंश सेल्सिअसने चढेल आणि अर्ध्या तासाच्या आत तो मरणाच्या दारात उभा राहील. तसे घडत नाही याचे श्रेय घामाला आहे. एक लिटर घाम कातडीवर सुकला की तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे तासाभराच्या कूचीची जवळजवळ सगळी उष्णता लिटरभर घामात निघून जाऊ शकते. अट एकच: तो घाम सुकला पाहिजे. कपाळावरून निथळून जमिनीवर पडलेला, गणवेशात मुरून राहिलेला, चिलखताखाली साचलेला घाम शरीरातले पाणी आणि मीठ तेवढे नेतो. थंडावा देत नाही. कोकणातल्या मे महिन्यात घामाने ओलेचिंब होऊनही जीव का उबगतो आणि नागपूरच्या कोरड्या उन्हात पारा दहा अंशांनी वर असूनही सावलीत बसलेल्या माणसाला थोडे बरे का वाटते, याचे उत्तर यातच आहे.

घाम सुकेनासा झाला, किंवा उष्णतेची आवक त्याच्या आवाक्याबाहेर गेली, की शरीर एका कात्रीत सापडते. कातडीला रक्त हवे असते, कारण आतली उष्णता बाहेर आणून टाकायची असते. पायांच्या स्नायूंना रक्त हवे असते, कारण कूच थांबलेली नसते. आणि घामाने रक्तातले पाणी तर कमी झालेले असते. हृदय या दोन सावकारांची भरपाई करण्यासाठी पोटातल्या अवयवांचे रक्त काढून घेते. उपाशी राहिलेल्या आतड्याचे अस्तर त्यामुळे झिरपू लागते, आणि एरवी आतड्यात निरुपद्रवीपणे नांदणाऱ्या जंतूंची विषे रक्तात शिरतात. गाभ्याचे तापमान ४० अंशांच्या पलीकडे गेले आणि मेंदूचा तोल सुटला, की त्या अवस्थेला उष्माघात म्हणावे. तेथून पुढे स्नायू विरघळू लागतात, त्यांच्यातली द्रव्ये मूत्रपिंडांत अडकून लघवी काळपट होते, रक्ताची गोठण्याची व्यवस्था बिघडते, आणि सुरुवातीला शुद्धीवर आलेला, घरच्यांशी बोललेला रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यकृत निकामी होऊन दगावू शकतो. म्हणून अशा जवानाला ‘आता बरा आहे’ म्हणून बराकीत परत पाठवणे हा गंभीर गुन्हा समजला पाहिजे.

हे ज्ञान आजचे आहे. एकोणिसाव्या शतकातील सैनिकी वैद्य मानत होते ते याहून फार वेगळे. सूर्याच्या किरणांत काही विशिष्ट घातक किरण असतात आणि ते कवटीतून व मणक्यांतून आत शिरून मेंदू व मज्जारज्जू यांना इजा करतात, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. त्या श्रद्धेपोटी सोला टोपी आली, आणि पाठीच्या कण्यावर बांधायची कापसाची जाड गादी आली, जिच्याखाली शिपायाच्या पाठीचा घाम सुकण्याची उरलीसुरली शक्यताही संपत असे. फिलिपाइन्समधील अमेरिकन लष्कराने १९१० च्या सुमारास शेकडो शिपायांना वर्षभर नारिंगी-तांबड्या रंगाचे आतले कपडे घालायला देऊन त्या किरणांना अडवता येते का, याचा पद्धतशीर प्रयोग केला. निष्पन्न एवढेच झाले की ते कपडे घातलेल्यांना अधिक उकडले. गळ्याभोवती चामड्याचा ताठ पट्टा, लोकरीचा लाल डगला, आणि उन्हाच्या त्रासावर उतारा म्हणून दारूची मात्रा, अशा थाटात ज्यांना हिंदुस्थानच्या मैदानांत चालवले गेले, त्या शिपायांविषयी, ते परकी सत्तेचे असले तरी, मनात करुणा उपजल्याशिवाय राहत नाही. गावचे दारिद्र्य सोडून पलटणीत भरती झालेली पोरे ती, आणि त्यांच्या अंगावर काय चढवायचे हे ठरवणारे लंडनच्या गारव्यात बसलेले.

आपली माणसे या दुःखातून सुटली नव्हती. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने मेसोपोटेमियात जी फौज नेली तीत मराठा पलटणी होत्या. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या पलटणी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या, आणि सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत तैग्रिस नदीचे नाव त्या वेळी पहिल्यांदा पोहोचले. त्या देशातला उन्हाळा आपल्या विदर्भाच्याही पलीकडचा. तंबूच्या आत ४८-५० अंश तापमान, बसऱ्याकडे त्यात नदीकाठचा दमटपणा, आणि रसदीची व वैद्यकीय व्यवस्थेची अशी दैना की पुढे तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या मेसोपोटेमिया कमिशनने १९१७ च्या आपल्या अहवालात जबाबदार अधिकाऱ्यांवर कठोर ताशेरे ओढले.

तो अहवाल प्रसिद्ध होऊन काही आठवडेच झाले होते, तोच फुरात नदीवरील रमादी या तुर्की ठाण्यावर चढाई ठरली. ११ जुलै १९१७ रोजी हल्ला झाला. त्या दिवसांत उन्हाची अशी लाट आली होती की सावलीत पारा ५० अंशांवर गेला होता, आणि ऐन लढाईत धुळीचे वादळ उठून तोफखान्याला पुढचे दिसेनासे झाले. हल्ला फसला, फौजेला माघार घ्यावी लागली. एकूण ५६६ माणसे निकामी झाली आणि त्यांतली ३२१ उन्हाने. म्हणजे तुर्कांच्या बंदुकांपेक्षा उष्णतेनेच अधिक माणसे पाडली. सप्टेंबरच्या अखेरीस, उन्हाचा ताव उतरल्यावर आणि पाण्याची व वाहतुकीची तजवीज नीट करून, त्याच ठाण्यावर पुन्हा चढाई झाली, तेव्हा दोन दिवसांत रमादी पडले. ठाणे तेच, शत्रू तोच. बदलला होता महिना, आणि बदलली होती पूर्वतयारी. जुलैमधील ती तारीख सूर्याने निवडली नव्हती. तिच्याखाली माणसाची सही होती, आणि या साऱ्या विषयात मला जे सांगायचे आहे ते त्या सहीविषयी आहे.

शेतकरी, हमाल, बिगारी हेही उन्हात राबतात, पण डोळ्यांपुढे अंधारी आली की शेतकरी बांधावरच्या झाडाखाली बसतो. मजुराला मुकादमाची भीती असते, तरी तोही कसाबसा टेकतो. सैनिकाची गोष्ट वेगळी आहे. शरीर ‘थांब’ म्हणत असताना न थांबणे, हीच त्याला दिलेली तालीम असते. मागे पडणे ही त्याच्या लेखी नामुष्की असते. आणि आपल्या तुकडीला आपल्यामुळे खाली पाहावे लागू नये, ही ईर्षा त्याच्या रक्तात महिनोन्महिने मुरवलेली असते. निसर्गाने माणसाला दिलेली थकव्याची सूचना, जी उष्माघातापासूनचा सर्वांत पहिला आणि सर्वांत विश्वासार्ह बचाव आहे, ती सैनिकी शिक्षणाने जाणूनबुजून बोथट केलेली असते. युद्धासाठी ते आवश्यक आहे, हे मी नाकारीत नाही. पण ज्याने जवानाच्या हातून थांबण्याचा अधिकार काढून घेतला, त्याने त्याच्या वतीने थांबण्याचे कर्तव्य स्वतःच्या शिरावर घेतले आहे, हे उघड आहे. म्हणून कोसळणाऱ्यांत आळशी, अंगचोर शिपाई क्वचित आढळतो. आढळतो तो बहुधा जिद्दी, नव्याने आलेला, निवडचाचणीत उतरू पाहणारा तरुण.

याचे सर्वांत बोलके उदाहरण वाळवंटातले नाही. वेल्समधील ब्रेकन बीकन्स हे हिरवेगार, एरवी धुके आणि पाऊस यांसाठी प्रसिद्ध असलेले डोंगर. तेथे १३ जुलै २०१३ रोजी ब्रिटनच्या विशेष दलात निवड व्हावी म्हणून राखीव सैनिक पाठीवर सुमारे २२ किलोचे ओझे घेऊन, प्रत्येक जण एकटा, १६ मैलांची डोंगरवाट ठरलेल्या वेळात तुडवत होते. तापमान साधारण २७ अंश. पुण्याच्या पावसाळ्यातला एखादा उघडीपीचा दिवस असावा, इतकेच. त्या वाटेवर दोघांनी त्याच दिवशी प्राण सोडला आणि तिसरा सतरा दिवसांनी इस्पितळात दगावला. प्रत्येकाजवळ त्याची जागा कळवणारे यंत्र होते. पडद्यावरचा ठिपका बराच वेळ हलत नाही, याकडे वेळेवर लक्ष गेले नाही. त्याआधीच, दुपारच्या सुमारास, उष्णतेने आजारी पडून दोन सैनिक कूचीतून बाहेर पडले होते, आणि लष्कराच्याच नियमांप्रमाणे तेथेच कूच थांबायला हवी होती. २०१५ मध्ये मृत्युचौकशी पूर्ण झाली तेव्हा नेमका हाच ठपका ठेवण्यात आला. नियम छापलेला होता, तो ठाऊक असायला हवा होता, आणि तो पाळला गेला असता तर ती तिन्ही माणसे वाचण्याचा पुष्कळ संभव होता.

नियमांचा उल्लेख आला, तेव्हा ते कोठून आले हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर पॅरिस आयलंड नावाचे मरीन दलाचे प्रशिक्षणकेंद्र आहे. खारी दमट हवा, आणि उन्हाळ्यात भरती होणारे हजारो रंगरूट. १९५० नंतरच्या काही वर्षांत तेथे इतके तरुण कोसळू लागले की नौदलाला शास्त्रज्ञांचे साह्य घ्यावे लागले. हार्वर्डचे कॉन्स्टंटिन यागलू आणि नौदलाचे डॉक्टर डेव्हिड मिनार्ड यांनी १९५७ मध्ये जो निर्देशांक प्रसिद्ध केला तो आज जगभर वापरला जातो. त्यांनी तीन तापमापक एकत्र केले: एकाच्या फुग्यावर ओली वात, म्हणजे घाम किती सुकू शकेल याचे माप, दुसरा काळ्या पोकळ गोळ्यात, म्हणजे सूर्याच्या आणि तापलेल्या जमिनीच्या धगीचे माप, आणि तिसरा नेहमीसारखा सावलीत. बेरीज करताना पहिल्याला दहापैकी सात हिस्से, दुसऱ्याला दोन, आणि ज्या आकड्यावरून आपण रोज ‘आज काय ऊन आहे’ म्हणतो, त्या तिसऱ्याला केवळ एक. दमट हवेचे आणि श्रमाचे वैर या एका सूत्रात जितके स्पष्ट झाले तितके ग्रंथांच्या ग्रंथांत झाले नव्हते. त्या बेरजेवरून मैदानावर हिरवे, पिवळे, तांबडे आणि काळे निशाण चढू लागले. काळे निशाण म्हणजे निर्देशांक ३२ अंशांच्या वर, आणि मग अत्यावश्यक नसलेली सर्व कठोर कवाईत बंद. कवाईत घेणाऱ्या हवालदाराच्या मर्जीवरचा प्रश्न खांबावरच्या फडक्याने सोडवला, आणि कोसळणाऱ्यांची संख्या झपाट्याने उतरली.

पाण्याबाबतची समजूत बदलायला मात्र अधिक काळ लागला. पाण्यावाचून राहण्याची सवय करता येते, जसा उपासाचा सराव करता येतो तसा तहानेचाही करता येतो, अशी जुन्या अधिकाऱ्यांची धारणा असे, आणि त्या ‘पाण्याच्या शिस्ती’खाली कूचीत पाण्याच्या बाटलीचे बूच उघडणे अपराध ठरे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रोचेस्टर विद्यापीठाच्या एडवर्ड ॲडॉल्फ यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात शिपायांना चालवून, वजने घेऊन, घामाचा थेंबन् थेंब मोजून ही धारणा खोटी ठरवली. पाणी तोडले तरी घाम थांबत नाही, माणूस फक्त लवकर कोसळतो. आणि पाणी समोर असले तरी नुसत्या तहानेच्या भरवशावर माणूस जितके गमावतो तितके पीत नाही. हे निष्कर्ष १९४७ मध्ये ग्रंथरूपाने आले.

पुढे मात्र लंबक दुसऱ्या टोकाला गेला. ‘प्या, आणखी प्या’ असे हुकूम सुटू लागले, आणि १९९० नंतरच्या दशकात अमेरिकन छावण्यांतून असे रंगरूट इस्पितळात येऊ लागले, ज्यांच्या रक्तातले मीठ अतिरिक्त पाण्याने इतके पातळ झाले होते की मेंदूला सूज येऊन काही दगावले. ओकारी, डोकेदुखी, भ्रम ही लक्षणे उन्हाच्या आजाराशी मिळतीजुळती असल्याने त्यांना आणखी पाणी पाजले गेले असेल, हा विचार मन विषण्ण करतो. १९९८ पासून तेथील लष्कराने तासाला सुमारे दीड लिटर आणि दिवसाला सुमारे ११ लिटर ही वरची मर्यादा घालून दिली. हुकमाने पाणी तोडणे आणि हुकमाने पाणी कोंबणे, या दोन्ही चुका एकाच घरातल्या आहेत.

उन्हाची खरी सवय होते, आणि ती चमत्कार वाटावा अशी असते. रोज तास-दीड तास, क्रमाक्रमाने वाढवत, उन्हात श्रम केले की आठवड्याभरात रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, नाडी मंदावते, घाम लवकर सुटू लागतो आणि अधिक सुटतो, आणि त्या घामातून मीठ कमी जाते. दोन आठवड्यांत माणूस पुष्कळसा नव्या हवेचा होतो. पण ही मिळकत टिकाऊ नाही. गार प्रदेशात तीन-चार आठवडे राहिले की ती बरीचशी ओसरते. बेळगावच्या सौम्य हवेत मराठा रेजिमेंटच्या केंद्रात तयार झालेला जवान, किंवा काश्मीरच्या बर्फातून सुटी संपवून आलेला शिपाई, राजस्थानच्या सरहद्दीवर मे महिन्यात तैनात होतो, तेव्हा त्याची छाती कितीही भरदार असली तरी त्याच्या घामग्रंथी अजून तयार नसतात. पहिल्या दहा-पंधरा दिवसांतच धोका सर्वांत अधिक असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत नव्या माणसाला आपली धमक दाखवायची घाई असते. आदल्या रात्रीचे जागरण, नुकताच येऊन गेलेला ताप, जुलाब, दारू, सर्दीवरच्या काही गोळ्या आणि आदल्या दिवशी सोसलेले ऊन या गोष्टी त्यात भर घालतात. चांगला सुभेदार सकाळच्या हजेरीला चेहरे पाहतो, कोण रात्री झोपला नाही ते विचारतो. उष्माघाताविरुद्धची लढाई बहुधा तेथेच जिंकली किंवा हरली जाते.

एवढे करूनही कोणी कोसळलाच, तर काय करावे? प्रथम ओळखावे कसे ते सांगतो, कारण येथे एक जुनी समजूत माणसे मारते. अंग कोरडे पडले, घाम बंद झाला, म्हणजेच उष्माघात, असे आपल्याला शिकवलेले असते. श्रम करणाऱ्या जवानाचे अंग कित्येकदा घामाने थबथबलेले असते आणि तरीही आत गाभा ४१-४२ अंशांवर पेटलेला असतो. पाहायचे ते त्याचे वागणे. पाय अडखळतात, बोलणे असंबद्ध होते, शांत स्वभावाचा मुलगा उगीच अंगावर धावून येतो, स्वतःचे नाव, वार, तुकडी सांगता येत नाही. असे दिसले की तापमापक येण्याची वाट पाहू नये.

आणि मग गार पाणी. कुंचच्या रणात सेनापती रोझला जे मिळाले, ते रांगेतल्या शिपायाला मिळाले नाही, आणि दीडशे वर्षांच्या संशोधनाने शेवटी त्या डॉक्टराच्या बादलीवरच शिक्कामोर्तब केले आहे. बर्फ घातलेल्या पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसवले, तर शरीराचे तापमान दर पाच मिनिटांत जवळजवळ एक अंशाने उतरते. एवढा वेग दुसऱ्या कोणत्याच साधनाला नाही. पहिल्या अर्ध्या तासात गाभा ३९ अंशांच्या आसपास आला, तर अशा तरुणांपैकी बहुतेक सर्व वाचतात; तो अर्धा तास रुग्णवाहिकेची वाट पाहण्यात किंवा खडबडीत रस्त्याने इस्पितळ गाठण्यात गेला, तर वाचलेला माणूसही आयुष्यभराचे दुखणे घेऊन बाहेर पडू शकतो. म्हणून आधी थंड करावे, मग हलवावे, असा दंडक आता जाणत्या लष्करांनी स्वीकारला आहे.

हा विषय छावणीच्या तटाबाहेरचाही आहे. आपल्या गावागावांत सैन्यभरतीची आणि पोलीसभरतीची तयारी करणारी हजारो मुले-मुली डांबरी रस्त्यावर, शाळेच्या मैदानावर धावत असतात, आणि त्यांच्यावर अद्याप कोणाचा अधिकृत हुकूम नसला तरी गरजेचा हुकूम त्याहून कडक असतो. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीसभरतीत पाच किलोमीटरच्या धावचाचणीत, पावसाळ्यापूर्वीच्या दमट उकाड्यात, काही उमेदवार मृत्यू पावले; अंतर आणि वेळा त्यानंतर बदलण्यात आल्या. ती मुले नोकरीसाठी धावत होती आणि थांबली असती तर नापास झाली असती.

ज्यांच्या हाती शिट्टी आहे, त्या सर्व भरती-अकादम्यांच्या शिक्षकांना, माजी सैनिकांना आणि तालीम घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. फेब्रुवारी संपला की मैदानाच्या कडेला, सावलीत, माणूस बसेल एवढे एक पिंप किंवा टाकी पाण्याने भरून ठेवा, शेजारी बर्फाच्या लाद्या ठेवा, आणि ते नसतील तर बादल्या, ओल्या चादरी आणि वारा घालायला चार माणसे तरी ठेवा. धावता धावता एखादा पोर बरळू लागला तर त्याला ‘थोडेच राहिले’ म्हणू नका. बूट काढा, सदरा फाडा, डोके वर धरून त्याला पाण्यात बसवा, गाडीला निरोप दुसऱ्याला पाठवू द्या, आणि त्याचे भान परत येईपर्यंत त्याच्याजवळून हलू नका.